डोंगल बिघडलेला नव्हता

मला राग लवकर येतो असं गावात म्हणतात. ते खरं नाही. मला राग सावकाश येतो, पण आला की मुक्कामाला येतो. बोटाएवढ्या एका डोंगलनं मला आणलेला राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

लासुर्णे मागं टाकून कळसकडं जाताना मध्ये आमचं गाव लागतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. वाचनालय ग्रामपंचायतीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. एक हॉल, सात कपाटं, दोन लांब टेबलं, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर एका पतसंस्थेनं जुना झाला म्हणून आम्हाला दिला. आला तेव्हा चालू व्हायलाच पाव तास घ्यायचा. माझ्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटर शिकलेली. ती सुट्टीला आली होती तेव्हा तिनं त्यातलं विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स नावाची फुकट मिळणारी दुसरी प्रणाली घातली. तेव्हापासून तो म्हातारा कॉम्प्युटर तरणा झाल्यासारखा पळायला लागला. वर तिनं मला एक गोष्ट दाखवली. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते हा कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो, मराठीसुद्धा.

ते बघितल्याबरोबर मला आबा आठवले.

आबा साखर कारखान्यात वायरमन होते. रिटायर झाले आणि दोन-तीन वर्षांत काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. रोज सकाळी नऊला जिन्याच्या भिंतीला हात लावत वर येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "हं, बाई, सुरू करा." मग मी पेपर वाचते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधल्या जाहिरातींसकट. एखादी जाहिरात गाळली तर त्यांना कळतं. "एवढ्यात पान कसं उलटलं?" म्हणून विचारतात. मी रजेवर असले की त्यांचा दिवस मोकळा जायचा. म्हणून मी पुस्तकं वाचून त्या कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करून ठेवायला लागले. तीन वर्षांत बरंच साठलं. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, विहिरीच्या मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक. ते त्यांच्याच हट्टापायी वाचलं.

सुरुवातीला कॉम्प्युटर बोलतो म्हटल्यावर आबा हसले होते. तो आवाज आहेच तसा. एस.टी. स्टँडवरच्या भोंग्यातून गाडी लागल्याचं सांगतात ना, तसा. "ह्यो काय सर्दी झालेला माणूस हाय का?" म्हणाले. पण हेडफोन लावून बसले ते दोन तास उठले नाहीत. कीबोर्डवर हात फिरवताना दोन बटणांवरचे बारीक उंचवटे त्यांच्या बोटाला लागले. मी तो कीबोर्ड इतकी वर्षं वापरला, मला ते कधी कळले नव्हते. "हितं खूण हाय बाई. हितनं मोजायचं." महिन्याभरात ते आपले आपण माझी रेकॉर्डिंगं शोधून लावायला लागले. आणि मग एक दिवस म्हणाले, "पेपर इंटरनेटवर येत्यात म्हणं. मग मी तुमची वाट का बघायची?"

प्रश्न बरोबर होता. इंटरनेट खाली पंचायतीत आलेलंच होतं. ग्रामसेवकांनी पासवर्ड आनंदानं दिला. पण वायर वर आणायला स्लॅबमधून भोक पाडावं लागणार होतं, आणि आदल्याच वर्षी गळती काढलेला स्लॅब. त्याला कोणी हात लावू देईना, आणि ते मला पटलंही. माझ्या मोबाईलवरून जोडलं तर चालायचं, पण वरच्या हॉलमध्ये रेंज असून नसल्यासारखी, आणि मी घरी गेले की फोनही माझ्याबरोबर घरी. तेव्हा बहिणीच्या मुलीनं सांगितलं, "मावशी, वायफायचा डोंगल मिळतो. यूएसबीला लावायचा. फक्त घेताना लिनक्सवर चालतो का ते विचार."

मी विचारलं. बारामतीला जाऊन, काउंटरवर उभी राहून, स्पष्ट शब्दांत विचारलं.

"लिनक्सवर चालेल ना?"

"सगळ्यावर चालतं मॅडम. हे काय, खोक्यावर छापलंय."

छापलेलं होतं. चार छोटी चित्रं होती आणि चौथं होतं पेंग्विनचं, म्हणजे लिनक्सचं. मी चष्मा लावून दोनदा बघितलं, पावती घेतली आणि दुपारच्या एस.टी.नं परत आले. आबा माझी वाट बघत वाचनालयाच्या पायरीवर बसले होते.

डोंगल लावला. पडद्यावर एक नवं चित्र उमटलं. मला वाटलं, झालं. पण ते चित्र सीडीचं होतं. डोंगलमध्ये सीडी कशी काय येईल? उघडून बघितलं तर आत सेटअपची फाईल. तिच्यावर दाबलं की कॉम्प्युटर म्हणायचा, ही फाईल मला चालवता येत नाही. वायफायचा कुठं पत्ता नाही. पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं. तीन पानं विंडोजवर होती. लिनक्सवर एक ओळ होती, ती अशी, की अधिक माहितीसाठी आमच्या वेबसाईटला भेट द्या. ज्याला इंटरनेट नाही म्हणून डोंगल घेतला, त्यानं इंटरनेटवर जाऊन माहिती घ्यावी. हे लिहिताना त्या माणसाला काहीच वाटलं नसेल का?

मी मोबाईल जोडून त्या वेबसाईटवरही गेले. डोंगल ओळखायला कॉम्प्युटरला लागतो तो ड्रायव्हर म्हणून तिथं एक फाईल होती, ती आमच्या लिनक्सला जुनी. मग लोक जिथं प्रश्न विचारतात त्या जागा शोधल्या. सगळं इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन बसले. एकानं विचारलेलं, अगदी माझ्यासारखंच. त्याला दहा जणांनी दहा उत्तरं दिलेली, आणि अकराव्यानं दहाही जणांना मूर्ख म्हटलेलं. एक म्हणत होता, आधी इंटरनेट जोडून अमुक अमुक उतरवून घ्या. पोहायला आलं की मग पाण्यात उतर, असला सल्ला. बहिणीच्या मुलीला विचारलं असतं, पण ती नुकतीच बाळंत झालेली. ओल्या बाळंतिणीला ड्रायव्हर काय विचारायचा? एवढ्या वाचनातून एक कमांड मात्र मी वहीत उतरवून घेतली. ती टाईप केली की यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. यादीत कीबोर्ड होता, माऊस होता, आणि तिसरं नाव होतं डिस्क. वायफाय नावाचं काहीच नव्हतं.

चार दिवसांनी पुन्हा बारामती गाठली. दुकानदारानं डोंगल घेतला, आपल्या लॅपटॉपला लावला, लॅपटॉप स्वतःकडं वळवून काहीतरी खटखट केलं आणि मिनिटभरात म्हणाला, "हा चालू आहे. तुमचं मशीनच भंगार आहे."

"मशीन चांगलं चालतंय. खोक्यावर लिनक्सचं चित्र आहे, त्याचं काय?"

"चित्र आहे हो. चित्र छापायला काय जातंय?"

"मग तुम्ही मला चालतं म्हणून का सांगितलंत?"

त्यावर तो माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडं बघायला लागला. नंतर जरा मऊ आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाला, "मॅडम, घरात कोणी जाणकार नाही का? मिस्टरांना पाठवा. त्यांना सांगतो."

मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली. ते असते तरी त्यांना हे कळलं नसतं, कारण त्यांना टी.व्ही.चा रिमोटसुद्धा मीच लावून द्यायची. डोंगल पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. परतीच्या गाडीत मला बोलायच्या सगळ्या गोष्टी एकामागून एक सुचत गेल्या. लासुर्णे येईपर्यंत मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात तीनदा रडवलं होतं.

आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणतं. माणूस वाईट नाही. पुस्तक वाचत नाहीत, पण पुस्तकं असावीत असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या कानावर हे गेलं. "बाई, तुमी कशाला ताप करून घेताय? इंदापूरचा एक पोरगा हाय, सगळ्या हापिसांची कामं करतोय. त्याला धाडतो."

तो पोरगा म्हणजे चांगला पस्तिशीचा बाप्या, मंगळवारी सकाळी आला. आबा नेहमीप्रमाणे हेडफोन लावून ऐकत बसले होते. त्यानं त्यांना खुर्चीवरून उठवलं. डोंगल हातातसुद्धा घेतला नाही. पडद्याकडं बघितलं आणि हसला.

"लिनक्स? हे कुणी घातलं? हे कॉलेजात वगैरे ठीक असतं. विंडोज टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"डोंगल का चालत नाही ते आधी बघा ना," मी म्हटलं.

"विंडोज टाकलं की चालेल."

"यात माझं काम आहे. ते आधी काढून ठेवायला लागेल."

"काय काम?"

"आबांसाठी वाचलेली पुस्तकं आहेत. तीन वर्षांची."

त्यानं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आबा तिथं नसल्यासारखं मला विचारलं, "यांना दिसत नाही ना? मग यांना कॉम्प्युटर कशाला लागतो?"

आबा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "दिसत न्हाय मला. ऐकू येतंय."

तो जरा ओशाळला, पण क्षणभरच. तोवर त्यानं आपला पेन ड्राईव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा चालूही केला होता. मला वाटलं नुसतं काहीतरी तपासतोय. निळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि खाली दोन बटणं. मी पुढं होऊन वाचलं. लिहिलं होतं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

"हे काय विचारतंय?"

"काही नाही. नेहमीचंच असतं," तो म्हणाला आणि त्याचा हात माऊसवर गेला.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

यूपीएस केव्हाच मेलेला, त्यामुळं पडदा तिथल्या तिथं काळा झाला. हॉलमध्ये पेपर वाचत बसलेली दोन माणसं मान वर करून बघायला लागली. माझा हात त्या बटणावरच होता. कॉलेजात असताना एकदा बसमध्ये एकानं वेणी ओढली होती, तेव्हा असाच राग आला होता.

"अहो, मशीन जळालं असतं!"

"जळालं असतं तर मी बघितलं असतं. तुम्ही जे करणार होतात ते मला दिसलंसुद्धा नसतं."

तो पेन ड्राईव्ह काढून तरातरा खाली गेला. त्या तीन वर्षांच्या वाचनाची मी दुसरीकडं नक्कल ठेवलेली नव्हती. हा माझा गाढवपणा, तो मी कबूल करते. पण दुसऱ्याच्या गाढवपणावर नांगर फिरवायचा परवाना कोणाला मिळत नाही.

संध्याकाळी तात्या वर आले. चेहरा पाडून. "बाई, पाव्हण्या माणसाला असं करत्यात व्हय? तो मला म्हणला, त्या बाईंनी अपमान केला."

"तात्या, तो विचारल्याशिवाय सगळं पुसायला निघाला होता."

"पुसंना. परत टाकंल की."

"माझा आवाज कुठनं परत टाकणार आहे तो? विहिरीचं पाणी शेतात येईना तर आधी पाईप बघता की विहीर बुजवता?"

तात्यांनी खुर्ची ओढून बसकण मारली. मग म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाय, बाई. पण मी शब्द टाकून बसलोय. शुक्रवारी तो पुन्हा येणार हाय. तवर तुमचं काय असंल ते काढून ठिवा, आन त्याला करू द्या."

म्हणजे माझ्या हातात बुधवार आणि गुरुवार. बुधवारी मी दिवसभर रेकॉर्डिंगं दोन पेन ड्राईव्हवर उतरवून घेतली. विंडोजशी माझं काही वैर नाही. पण जो कॉम्प्युटर धडधाकट आहे, ज्याच्यावर आबांचा हात बसलाय, तो निव्वळ एका माणसाला दुसरं काही येत नाही म्हणून मोडायचा? हे माझ्या घशाखाली उतरेना.

गुरुवारी सकाळी आबा आले. पेपर वाचू नका म्हणाले. "आज त्या डोंगलचं बघू."

"काय बघणार आबा? सगळं करून झालं."

"तुमी केलं. मला सांगितलं न्हाय." ते खुर्चीत बसले आणि हात पुढं केला. मी डोंगल त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, टोपण काढलं, पिना बोटानं मोजल्यासारखं केलं. "कारखान्यात मोटार बंद पडली की पयलं विचारायचं, शेवटी कधी चालू हुती आन कुठं? ह्यो कुठं चालला?"

"बारामतीला, दुकानात. त्याच्या लॅपटॉपवर."

"कसा चालला? तुमी बघितलं?"

"नाही. त्यानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला होता."

"मग बघू की. खाली हाय न्हवं विंडोजवाला कॉम्प्युटर."

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या दुकानदाराचा चेहराच इतका बसला होता की त्याच्या लॅपटॉपवर काय घडलं असेल, हा विचार मनात आला नाही. आम्ही दोघं खाली गेलो. आबांनी जिन्याचा कठडा धरला, मी पुढं. पंचायतीत ऑपरेटर मुलगी दाखले काढत होती. तिनं पाच मिनिटं कॉम्प्युटर दिला. आबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दिसंल ते सांगत ऱ्हावा. काय गाळू नका."

पेपर वाचते तसं मी वाचत गेले. "डोंगल लावला. सीडीचं चित्र आलं. वर आलं होतं तसंच. उघडते. सेटअपची फाईल. दाबते. पट्टी सरकतीये. अर्धी झाली. झाली पूर्ण. डोंगलवर निळा दिवा लागला. खाली वायफायची खूण आली. पंचायतीचं नाव दिसतंय."

"आन ती सीडी?"

"कुठली?"

"आधी आली म्हणालात ती."

मी बघितलं. ती नव्हती. खिडकी बंद करून बघितलं, सगळ्या ड्राईव्हच्या यादीत बघितलं. नव्हती.

"गेली आबा."

"कुठं गेली?"

तोवर मी जिन्यावर होते. पाच पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं की आबांना खालीच सोडलंय. परत येऊन त्यांना घेतलं. ते हसत होते. "पळा पळा. मला जिना पाठ हाय."

वर येऊन डोंगल लावला. सीडीचं चित्र आलं. वहीतली कमांड टाकली. कीबोर्ड, माऊस, डिस्क.

"म्हंजी ह्यो अजून डिस्क म्हणूनच बसलाय," आबा म्हणाले. "तितं डिस्क गेली तवा वायफाय आलं. हितं डिस्क घालवा."

"कशी घालवायची?"

"ते मला काय म्हाईत? सीडी कशी घालवत्यात?"

सीडी बाहेर काढतात. मी त्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबलं. यादीत सगळ्यात खाली होतं, बाहेर काढा. चार आठवड्यांत ती यादी मी कितीदा उघडली असेन. त्या ओळीवर मी कधी बोट ठेवलं नव्हतं. जी वस्तू चालावी म्हणून धडपडतोय तिला बाहेर काढा असं कोण सांगेल? मी दाबलं.

चित्र गेलं. काही झालं नाही. आबांनी विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." तेवढ्यात डोंगलचा निळा दिवा लुकलुकला. वर कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. पंचायतीचं नाव आलं. पासवर्ड टाकला. जोडलं गेलं.

मला आनंद व्हायला हवा होता. आबा दोन्ही हात गुडघ्यावर आपटत "झालं का? झालं का?" विचारत होते आणि माझ्या डोळ्यात पाणी होतं, ते संतापाचं. एक बटण. बारामतीच्या दोन खेपा, चार आठवडे, भंगार मशीन, मिस्टरांना पाठवा, यांना कॉम्प्युटर कशाला लागतो. हे सगळं एका बटणासाठी ऐकून घेतलं होतं. नंतर वाचून मला कळलं ते असं. विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला ड्रायव्हर शोधावा लागू नये म्हणून कंपनीनं तो डोंगलच्या पोटात घातला, आणि डोंगलला आधी सीडीचं सोंग घ्यायला शिकवलं. ड्रायव्हर बसला की सोंग उतरतं. लिनक्सकडं त्या डोंगलचा ड्रायव्हर आधीपासून होता. फक्त सोंग उतरवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकात एक ओळ घातली असती, सीडी दिसली तर बाहेर काढा, तर माझं निम्मं आयुष्य वाचलं नसतं, पण एक महिना वाचला असता. आबांचाही.

"बाई," आबा म्हणाले, "रडून झालं असंल तर पेपर लावा."

लावला. त्या सर्दी झालेल्या आवाजात पहिली बातमी सुरू झाली. आबांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला आणि मला हातानं जा म्हणून खूण केली.

शुक्रवारी इंदापूरचा माणूस आला. तात्याही बरोबर होते. मी डोंगल काढला, लावला, सीडी बाहेर काढली, आणि वायफाय लागलेलं दाखवलं.

"हां," तो म्हणाला, "मोड स्विच म्हणतात याला. ते मला माहीत होतं."

मी तोंड उघडणार, तोच तात्या म्हणाले, "म्हाईत हुतं? मग मंगळवारी का न्हाय केलं?"

त्यानं फोन आल्यासारखं केलं आणि खाली गेला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्चीतल्या आबांकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, चुकलं माझं." तेवढंच. मी ते मनापासून घेतलं. या सगळ्या प्रकरणात 'चुकलं' हा शब्द त्यांनी एकट्यानंच वापरला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला की सीडी पुन्हा यायची, पुन्हा बाहेर काढावी लागायची. पण आता इंटरनेट होतं. हे सोंग आपोआप उतरवणारा एक छोटा प्रोग्रॅम सापडला, तो घातला. दोन दिवस लागले, एकदा चुकलं, पण बसला. आता आबा सकाळी नऊच्या आधीच येऊन स्वतः कॉम्प्युटर चालू करतात. मी नऊला पेपर उघडते तोवर त्यांचे दोन पेपर ऐकून झालेले असतात. "तुमच्या पेपरात कालचं छापलंय," असं मला ऐकवतात. तरी मी वाचतेच, कारण जाहिराती तो आवाज गाळतो.

कंपनीला मी ईमेल लिहिली. काय झालं, कसं सुटलं, आणि ती एक ओळ माहितीपत्रकात घाला, असं सगळं सविस्तर. आठवड्यानं उत्तर आलं. तुमच्या अडचणीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया सीडी उघडून सेटअपची फाईल चालवा. मी दुसरी ईमेल लिहिली. तिला तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट.

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. अर्ध्या कागदावर मराठीत पाच ओळी सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि पुढच्या वेळी बारामतीला गेले तेव्हा त्या दुकानदाराला दिल्या. "लिनक्सवाल्या गिऱ्हाइकाला हा डोंगल विकलात तर याची झेरॉक्स खोक्यात टाका." त्यानं कागद घेतला, वाचला, बरं म्हणाला. मला वाटलं, बोळवण करतोय. पण राग थोडा कमी झाला, हे खरं.

दोन महिन्यांनी सांगवीच्या एक शिक्षिका वाचनालय बघायला आल्या. त्यांच्या शाळेतही लिनक्सचे कॉम्प्युटर. बोलता बोलता डोंगलचा विषय निघाला. म्हणाल्या, "आमचाही चालत नव्हता. बारामतीच्या दुकानदारानं करून दिला. लिनक्स सेटिंग म्हणून वेगळे पैसे घेतले, पण केलं बाई त्यानं. काचेखाली एक कागद ठेवलाय, तो बघून करत होता."

"कसला कागद?"

"हातानं लिहिलेला. अक्षर अगदी शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं सुंदर."

मी पाणी प्यायले. आबा हेडफोन एका कानावरून सरकवून आमचं ऐकत होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी त्या बाईंना समोरच बसवून त्याच पाच ओळी पुन्हा लिहून दिल्या, शाळेसाठी. दुसरी प्रत वाचनालयाच्या फळ्यावर लावली. तिसरी जिथं ते दहा जण भांडत होते तिथं इंटरनेटवर टाकली, मराठीतच, खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ लिहून. अजूनपर्यंत तिथं सहा जणांनी आभार मानलेत. एकजण विचारत होता ही भाषा कुठली. त्याला सांगितलं.

हे कळल्यापासून बारामतीच्या त्या दुकानात मी अजून गेलेले नाही. आबा म्हणतात, सोडून द्या बाई. येत्या बुधवारी नवीन पुस्तकं आणायला जायचंच आहे. दुकान स्टँडच्या वाटेवरच आहे.